मूळ फिल्म उपलब्ध नाही

दादा,

रोह्याच्या स्टँडसमोर तुझा बॅनर लावलाय. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली तुझ्या पेशंटांची दाटीवाटीने छापलेली नावं आणि मधे तू. फोटो कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलला, दुसऱ्या ग्रुपवर टाकला, तिथून तो बॅनरवाल्याकडे गेला आणि त्याने तो माणसाच्या उंचीएवढा केला. तुझ्या गालांवर चौकोन पडलेत. चष्म्याची दांडी कानापर्यंत पोचतच नाही, मधेच विरघळून गेली आहे. पेणहून एसटीने आले, उतरले, समोर तू. मला रडू यायला हवं होतं. मनात आलं ते हे, की मूळ फोटो माझ्याकडे होता, मला विचारायचं तरी! भाऊ जाऊन आठवडा झाला नव्हता आणि मी रिक्षावाल्यांच्या गर्दीत उभी राहून फोटो दाबून लहान करणाऱ्या कॉम्प्रेशनला शिव्या घालत होते.

तू असतास तर म्हणाला असतास, “कुमे, ओळखू येतोय ना मी? मग झालं तर.”

त्या ‘मग झालं तर’वरच आपलं भांडण होतं. ते मिटायच्या आत तू उठून गेलास.

मी पेणच्या कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले, त्याच महिन्यात तुझा फोन आला होता. “रिकामी आहेस ना? मग रोह्याला ये. तुझ्या जोगतं काम आहे.” मला वाटलं, दवाखान्यातली जुनी मासिकं लावून द्यायची असतील. तू एक्स-रेच्या खोलीमागचं दार उघडलंस. भिंतीला लागून मांडण्या आणि त्यांत खाकी पाकिटं. प्रत्येक पाकिटावर नाव आणि गाव. गडब, धरमतर, नागोठण्याकडच्या वाड्या-वस्त्या. सगळ्या छातीच्या फिल्म. सगळे पुरुष एकाच कंपनीतले, जिथे पांढरा दगड दळून त्याची भुकटी करतात. कंपनीचं नाव तू भर दवाखान्यात मोठ्याने घ्यायचास. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून मी इथे लिहीत नाही.

“ह्यांच्या फिल्म तुझ्याकडे कशा?” मी विचारलं.

“खाडीकाठच्या घरात फिल्म टिकते का? भिंतीसुद्धा खारट असतात तिथल्या. मीच म्हणायचो, राहू दे माझ्याकडे, लागेल तेव्हा ने.” मग तू खिडकीकडे बघत म्हणालास, “आता लागणार आहेत.”

त्या माणसांनी भरपाईचा दावा केला होता. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे बाप मिठागरात राबलेले. मिठागरं बंद पडत गेली, तशी ही पिढी शिफ्टला लागली. वर्षानुवर्षं भुकटी श्वासातून आत गेली. आता जिना चढताना मधल्या पायरीवर बसतात. कंपनी म्हणत होती, हा आजार आमच्याकडचा नाही. बिड्या असतील, टीबी असेल. तुझ्या त्या खोलीत जे होतं, ते दुसरीकडे कुठेही नव्हतं.

आणि ते सडत होतं. फिल्म एकमेकींना चिकटत होत्या, कडांवर बुरशीची नक्षी चढत होती. त्या स्कॅन करून ठेवायच्या हे आपण पाकिटं हातात धरूनच ठरवलं. कशा ठेवायच्या, ह्यावर मात्र पहिल्याच शनिवारी वाजलं.

तुला त्या मोठ्या फाइली बघून धक्का बसला होता. “एका छातीला एवढी जागा? एखाद्याच्या लग्नाचा अख्खा अल्बम मावेल यात.”

मी तुला खुर्चीत बसवलं. एकच फिल्म दोनदा साठवली, एकदा टिफ नावाच्या मोठ्या फाइलमध्ये, एकदा अगदी लहान केलेल्या जेपेगमध्ये, आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. लांबून सारख्याच. मग मी त्या मोठ्या केल्या. टिफमध्ये फुप्फुसाच्या वरच्या भागात खसखस सांडल्यासारखे बारीक ठिपके होते. जेपेगमध्ये तिथे गुळगुळीत करडा रंग आणि त्यात पुसट चौकोन. मी म्हटलं, जेपेग फाइल लहान करतं म्हणजे काय करतं? सहज डोळ्यांत भरणार नाही असं बारीकसारीक काढून टाकतं. तू शोधतोयस तो भुकटीचा आजार नेमका बारीकसारीकच आहे दादा. टिफलाही थोडं दाबून बसवता येतं, पण उघडल्यावर सगळं जिथल्या तिथे परत मिळतं. जेपेगने काढलेलं परत येत नाही. देवालाही आणता येत नाही.

तू पडद्याजवळ वाकलास. मग चष्मा काढून म्हणालास, “मला ठिपके मोजायला फिल्म लागत नाही. माणूस दारातून आत आला की त्याच्या श्वासावरून कळतं.”

“तुला कळतं. तू त्या खुर्चीत नसशील तेव्हा?”

“तेव्हाचं तेव्हा.” आणि लगेच, “पण कुमे, ज्याची छाती आहे त्याला ती बघता यायला नको? तुझी ही फाइल दावा करणाऱ्यांतल्या त्या हरिभाऊच्या फोनवर उघडणार आहे का?”

उघडणार नव्हती. म्हणून आपण तह केला. मूळ प्रत टिफमध्ये, दोन डिस्कवर, एक रोह्यात आणि एक माझ्याकडे पेणला. तिच्यावरून तू लहान जेपेग करायचास आणि ज्याचं त्याला फोनवर पाठवायचास. दोघांनाही वाटलं आपण जिंकलो.

ते शनिवार मी कुणाला देणार नाही. मी फिल्म पुसायची, तू पाकीट वाचायचास. पाकिटावर नुसतं नाव, पण तुझ्याकडे सगळा माणूस असायचा. “हा तालमीत जायचा, ह्याच्या हाताला मार लागला की मला सुई टोचताना धरायला दोन माणसं लागायची.” “ह्याने माझी मोटरसायकल पुरातून खांद्यावर काढली होती.” कुणाच्या बारशाला तू जेवला होतास, कुणाच्या बहिणीचं बाळंतपण अडलं होतं. आपण लहानपणी इतकं कधी बोललो नव्हतो. तू माझ्याहून मोठा, मुंबईला शिकायला गेलास, मग लग्न, मग दवाखाना. मला भाऊ साठी उलटल्यावर भेटला, त्या बुरशीच्या वासाच्या खोलीत. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. तुझ्यासमोर असं काही बोलायला गेलं की तू लगेच ब्लडप्रेशर मोजायला घ्यायचास.

मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायचं नाही म्हणून बजावलं. मी पेणला घरात काळा चष्मा लावून रेडिओ ऐकत होते आणि इकडे पाऊस त्या खोलीच्या भिंतीतून आत येत होता. वहिनीचा खोकला थांबेना. ती म्हणत होती, ती बुरशी आधी घराबाहेर काढा. तू दवाखाना सांभाळून एकट्यानेच त्या ओल्या भिंतीकडच्या मांडणीतल्या फिल्म स्कॅन करायला घेतल्यास. डिस्क भरली असं कॉम्प्युटर सांगायला लागला, तेव्हा तू जेपेग निवडलंस आणि फाइल लहानात लहान होईल असं केलंस. सगळी मांडणी मावली. नंतर जुन्या एक्स-रे फिल्ममधून चांदी काढणारा एक माणूस आला, तू त्याला त्या ओल्या फिल्म देऊन टाकल्यास.

मी परत आले तेव्हा ती भिंत स्वच्छ होती. नवा चुना दिला होतास. तू खूश होतास.

“इथल्या फिल्म कुठे आहेत?”

“गेल्या. झालंय त्यांचं. मी केलं सगळं, तुला काही त्रास नको म्हणून.”

मी फाइली उघडल्या. एक, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या छात्या गुळगुळीत. मी उघडत गेले आणि तू माझ्या मागे उभा राहून बघत गेलास. मला समजावून सांगावं लागलं नाही, कारण ते मी तुला आधी एकदा दाखवलं होतं. थोड्या वेळाने तू म्हणालास, “बंद कर.” बाहेर पेशंट खोळंबले होते, तू निघून गेलास. मी त्या चांदीवाल्याला शोधायला फोन केले. त्याने माल पुढे केव्हाच पाठवला होता आणि तिथे त्या धुऊन टाकल्या होत्या. चांदी निघाली की मागे नुसतं प्लास्टिक राहतं, पारदर्शक. त्यावर कुणीच नसतं.

त्या मांडणीत हरिभाऊ होता.

हरिभाऊचीच फिल्म का महत्त्वाची होती, हे मला दाव्याच्या वकिलांनी सांगितलं. नोकरी सुटल्यावर त्याला खरोखर टीबी झाला, आणि टीबीने फुप्फुसावर एवढे व्रण केले की नंतरच्या फिल्मवरून कशामुळे काय झालं ते सांगता येत नव्हतं. टीबीच्या आधीची, तो कंपनीत असतानाची, एकच फिल्म होती. ती तू स्वतः काढलेली आणि स्वतः वाचलेली. ठिपके तू डोळ्यांनी पाहिले होतेस. तसं तू लिहूनही दिलंस. पण सुनावणीत कंपनीचे लोक म्हणाले, डॉक्टर छातीच्या आजारातले तज्ज्ञ नाहीत, फिल्म दाखवा. तज्ज्ञांकडे ती जेपेग गेली. उत्तर एका ओळीचं आलं. या प्रतिमेवरून मत देता येत नाही.

हरिभाऊ तोवर राहिला नव्हता. त्याच्या बायकोला, सुगंधाबाईंना, हे कळवायचं होतं. वकील म्हणाले मी सांगतो. तू म्हणालास, नाही, मी जातो. आणि मला पेणला घरातून उचलून सोबत नेलंस.

धरमतरच्या अलीकडचं ते गाव. खाडीला ओहोटी होती, चिखल उघडा पडला होता आणि लांबवर धक्क्याला एक मालवाहू बार्ज लागलं होतं. सुगंधाबाई अंगणात जवळा वाळत घालत होत्या. तुला बघून उठल्या. “डॉक्टर! या. बसा तरी.”

तू बसला नाहीस. उभ्यानेच सांगितलंस. फिल्म माझ्याकडे होती, मी ती नीट उतरवली नाही, आणि मग ती देऊन टाकली. म्हणून हरिभाऊचा दावा गेला. चूक माझी आहे.

त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्या तुझ्या तोंडाकडे बघत होत्या. “मंग आता?”

त्यांनी पदराला हात पुसले आणि आत जाऊन चहा टाकला, कारण माणसं दारात आली होती. तो चहा तू संपवलास. उभ्यानेच, शेवटच्या घोटापर्यंत. मी तुला इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

रोह्याकडे येताना गडबला रस्त्याकडेच्या टपरीपाशी तू गाडी थांबवलीस. पाण्याची बाटली घेतलीस, प्यायला नाहीस. आणि मी बोलले. बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही. मी म्हटलं, “त्या फिल्म तुझ्या नव्हत्या दादा. त्यांनी ठेवायला दिल्या होत्या.”

“ठाऊक आहे मला.”

“ठाऊक होतं तर देताना एक फोन करायचा होतास.”

तू एकदम वळलास. “आणि तुझ्या त्या मोठमोठ्या फाइली? त्या कुणाच्या आहेत? तुझ्या कपाटात कुलपात पडल्यात. त्यातल्या एका तरी माणसाला त्या उघडता येतात का? मी दिलेलं निदान त्यांच्या हातात आहे!”

“हातात काय आहे? हातात खोटी छाती आहे!”

टपरीवाला आपल्याकडे बघायला लागला. दोन पिकल्या केसांची भावंडं हायवेवर एकमेकांवर ओरडत होती. तू गाडी सुरू केलीस.

नंतर आपले दोन-चार फोन झाले, ते वहिनीच्या औषधाबद्दल आणि माझ्या चष्म्याच्या नंबराबद्दल. मला वाटत होतं, उरलेल्या मांडण्या संपल्या की आपण नीट बसू आणि भांडू. पुरावा म्हणजे काय, ठेवायचं कुणासाठी, ठेवलेलं कुणाचं. मी मुद्दे काढून ठेवले होते. तुझंही तसंच चाललं असणार, मी तुला ओळखते. आणि मग तू दुपारच्या ओपीडीत, एक पेशंट बाहेर गेला आणि दुसरा आत येईपर्यंतच्या वेळात, टेबलावर डोकं ठेवलंस. आत आलेल्या बाईला वाटलं, डॉक्टरांचा डोळा लागला. ती तुला उठवायचं नाही म्हणून बाकावर बसून राहिली.

तुझ्या दिवसांतच मी पुन्हा स्कॅनरवर बसले. वहिनीला ते आवडलं नाही, पण वकिलांना उरलेल्या प्रती हव्या होत्या. त्यांचा फोन आला की त्या मांडण्यांतल्या दोघांच्या टिफ तज्ज्ञांना वाचता आल्या आणि दोघांची प्रकरणं पुढे सरकली. त्यातला एक जण तुझ्या आधीच गेलाय. दुसरा ऑक्सिजनवर आहे. हे तुला सांगायचं होतं. ह्याला चांगली बातमी म्हणायचं का, ते तूच ठरव.

प्रत्येक फाइलसोबत एक नोंद ठेवावी लागते. नाव, गाव, स्कॅन कसं केलं, मूळ फिल्म कुठल्या अवस्थेत आहे. भिंतीकडच्या मांडणीची पाळी आली तेव्हा मी लिहिलं, ‘मूळ फिल्म उपलब्ध नाही. स्कॅन करताना जेपेगमध्ये अतिशय लहान करून साठवली, त्यामुळे बारीक ठिपके दिसत नाहीत. प्रतिमेवरून फुप्फुस निरोगी समजू नये. मूळ फिल्म डॉक्टरांनी चांदी काढणाऱ्याला दिली.’

वहिनी मागे येऊन उभी राहिली होती. तिने वाचलं.

“शेवटचं वाक्य कशाला?”

“खरं आहे म्हणून.”

“खरं आहे ते मलाही माहीत आहे. पण त्या माणसाने उभा जन्म ह्याच लोकांत घातला. रात्री-अपरात्री खाडी ओलांडून गेला. ते कुठे लिहिलंयस?”

मी म्हटलं, “वहिनी, उद्या कुणी परकं माणूस ही फाइल उघडेल. का गेली ते लिहिलं नाही, तर कंपनी म्हणेल की ह्यांनीच लपवली.”

“तू त्यांची बहीण आहेस की तपासनीस, गं?”

मी वाक्य खोडलं नाही. त्या मांडणीतल्या प्रत्येक नोंदीखाली ते आहे. प्रत्येक वेळी मला ते नव्याने टाइप करावं लागलं असं नाही, एकदाच लिहून पुढे चिकटवता येतं, तरी मी प्रत्येक वेळी टाइप केलं. का, ते विचारू नकोस.

तुझ्या तेराव्याला सुगंधाबाई आल्या. सोबत त्यांची थोरली लेक होती. दोन बस बदलून आल्या होत्या. पंगती उठल्यावर त्या मला शोधत मागच्या खोलीत आल्या आणि मांडण्यांकडे बघत दारातच थांबल्या.

“ताई, डॉक्टरांनी मागं ह्यांच्या छातीचा फोटो पाठवला व्हता. तो फोन पान्यात गेला. परत देता का?”

मी फाइल काढली. इवलीशी फाइल, लेकीच्या फोनवर क्षणात पोचली आणि बोट लावताच उघडली. तुझं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं होतं दादा, मी ते उभ्या उभ्या मान्य केलं. लेकीने फोन आईच्या हातात दिला. सुगंधाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, डोळ्यांपासून जरा लांब.

“ह्ये त्यांचंच ना?”

“हो. हरिभाऊंचंच.”

“बरगड्या दिसतात.” त्यांनी पडद्यावरून बोट हळूच फिरवलं. “नि त्यो आजार? त्यो कुठं हाय?”

“ह्यात दिसत नाही तो.”

शेवटी शेवटी हरिभाऊला पाठ टेकून झोपता येत नसे. रात्रभर खाटेवर पुढे वाकून बसायचा आणि ह्या त्याची पाठ चोळायच्या, हे तूच मला सांगितलं होतंस.

“म्हंजे ह्याच्यात ते बरे हायत,” त्या म्हणाल्या.

मागे कॉम्प्युटर चालू होता. त्यांच्याच नवऱ्याची नोंद उघडी होती आणि फुप्फुस निरोगी समजू नये, असं मी माझ्या हाताने तिथे लिहिलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “ह्यात बरे आहेत.”